रेघेबाहेरचा पिवळा

मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या पलीकडच्या बोळात एक रद्दीवाला बसायचा. मी त्याच्याकडे जायचे ते जुन्या लग्नपत्रिकांसाठी. सांगलीत आमची छोटी प्रेस आहे. वडिलांच्या काळात ट्रेडल होतं, आता ऑफसेट आहे, आणि निम्मं काम अजून पत्रिकांचंच. जुन्या पत्रिकांवरच्या किनारी, कलश, सनईवाले यांचा मला नाद. गिऱ्हाईक ‘काहीतरी वेगळं दाखवा’ म्हणालं की पन्नास वर्षांपूर्वीचंच काढून दाखवायचं. धंद्यातली गोष्ट आहे, कुणाला सांगू नका.

२०१६ च्या उन्हाळ्यात गेले तर म्हणाला, “ताई, पत्रिका नाहीत आज. झाडं आहेत.”

मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव. कुणा जुन्या डॉक्टरांचा वाडा पाडायला काढला होता, तिथून पोत्यांनी पुस्तकं आली होती. त्यातल्या एका जाड इंग्रजी पुस्तकाचा मजकूर त्यानं किलोवर घातला आणि चित्रं तेवढी ब्लेडनं कापून वेगळी ठेवली. ‘फ्रेम करायला बरी पडतील’ हा त्याचा हिशोब. मला आधी त्याचा राग आला. पुढे कळलं की लंडन-पॅरिसचे मोठमोठे व्यापारीही हेच करत आलेत. अख्खं पुस्तक विकण्यापेक्षा उसवून एकेक पान विकलं की जास्त पैसे सुटतात. फरक एवढाच की ते मजकूर भेळवाल्याला देत नाहीत.

पन्नासला एक चित्र. पर्समध्ये शंभराची नोट होती, म्हणून दोन घेतली: एक हळदीचं, एक काजऱ्याचं, म्हणजे कुचल्याच्या झाडाचं. आठ दिवसांनी पुन्हा गेले तोवर उरलेला गठ्ठा एका हॉटेलवाल्यानं भिंतींसाठी उचलला होता. अजून कुठल्या हॉटेलात शिरले की आधी भिंती बघते.

घरी येऊन पहिलं काम केलं ते भिंग काढण्याचं. प्रेसमध्ये भिंग लागतंच. चार रंग एकावर एक नीट बसलेत की नाहीत, की रजिस्टर सुटलंय, ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ऑफसेटवर छापलेला कुठलाही गणपती भिंगाखाली धरा, तो विरघळतो. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके, बाकी काही नाही. सोंड नाही, मोदक नाही. आयुष्यभर ठिपके बघण्यात गेलेल्या माणसाला दुसरं काही असू शकतं हे पटत नाही.

हळदीच्या चित्रात ठिपका नव्हता. काळी रेघ होती, जराशी भरड, शाळेतल्या फळ्यावर खडू ओढल्यासारखी. तिच्यावर पातळ जलरंग. पानावरून कुंचला देठाकडून टोकाकडे गेलेला कळत होता, कारण टोकाला रंग साचून गडद झाला होता. कागद तिरका धरला की पानाच्या सावलीच्या बाजूला किंचित चकाकी दिसायची. तो रंगात घातलेला डिंक. आणि खाली गड्ड्याला फुटलेल्या एका हळकुंडापाशी पिवळा रंग रेघ ओलांडून बाहेर आला होता. किती? तांदळाचा अर्धा दाणा. हिरव्यात एका जागी कुंचल्याचा केस अडकून तसाच वाळला होता. तो मी नखानं काढायला गेले आणि हात मागे घेतला.

कोपऱ्यातल्या नावावरून पुस्तक सापडलं. रॉबर्ट बेंटली आणि हेन्री ट्रायमेन या दोघांचा औषधी वनस्पतींवरचा चार खंडांचा ग्रंथ, लंडनला १८७५ ते १८८० या काळात भागाभागानं निघालेला. चित्रं ३०६. ती काढली डेव्हिड ब्लेअरनं. ट्रायमेन त्याच सुमारास, १८८० मध्ये, सिलोनला पेराडेनियाच्या बागेचा प्रमुख होऊन गेला. म्हणजे हळदीचं चित्र आधी छापलं आणि हळदीच्या मुलखात नंतर गेला. हे मला गंमतीचं वाटतं, इतरांना वाटेलच असं नाही.

ही छपाई लिथोची. लिथो म्हणजे आपली शिळाछाप. हा शब्द आता ऐकू येत नाही, पण आजीच्या पोथ्यांच्या गाठोड्यात शिळाछाप पोथ्या आहेत, आडव्या, सुट्या पानांच्या, हातानं लिहिल्यासारख्या अक्षरांच्या. बव्हेरियातल्या खाणींमधला एक बारीक कणाचा चुनखडीचा दगड असतो. तो घासून गुळगुळीत करायचा, त्यावर तेलकट खडूनं चित्र काढायचं. मग दगड ओला करायचा. जिथं तेल तिथं पाणी बसत नाही, आणि जिथं पाणी तिथं तेलाची शाई बसत नाही. कागद दाबला की चित्र उतरलं. १७९० च्या दशकात झेनेफेल्डर नावाच्या जर्मन माणसाला हे सापडलं, आणि आमचं आजचं ऑफसेट त्याच भांडणावर चालतं: तेल आणि पाणी. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापलं तेही शिळाप्रेसवरच.

त्याआधी चित्रं छापायची ती तांब्याच्या पत्र्यावर कोरून. हा प्रकार आमच्या भागाला अगदीच परका नव्हता. नाना फडणवीसांनी पुण्यात एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्गीता कोरून घ्यायला सुरुवात केली. नाना गेले, काम अर्धवट राहिलं, आणि तो कारागीर मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाला आला. १८०५ मध्ये मिरजेत ती गीता छापून झाली. रद्दीवाल्याच्या बोळापासून पटवर्धनांचा किल्ला फार लांब नाही. मी चित्रं घेऊन स्टँडकडे चालत आले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, नाहीतर दोन मिनिटं थांबले असते.

तर दगडावरून उतरायची ती फक्त काळी रेघ. रंग पुढे हातानं भरायचा. मोठ्या टेबलाभोवती रंगवणारे बसायचे, बऱ्याचदा बायका आणि पोरं. मधे एक पक्का रंगवलेला नमुना. एकीनं सगळ्या पानांचा हिरवा लावायचा आणि कागद पुढे सरकवायचा, दुसरीनं फुलाचा, तिसरीनं मुळाचा. आमच्याकडे पत्रिकांना गोंडे लावायला चार बायका येतात, त्या अशाच बसतात. एक भोक पाडते, एक दोरा ओवते, एक गाठ मारते, आणि चौथी गावभरच्या बातम्या सांगते. समजा, त्या ग्रंथाच्या पाचशे प्रती निघाल्या असं धरलं, तर ३०६ चित्रं म्हणजे दीड लाखावर कागद झाले, आणि प्रत्येकावर चार-पाच वेळा कुंचला फिरायचा. डेव्हिड ब्लेअरचं नाव खाली कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात आहे. पिवळा लावणारीचं कुठेच नाही. तिची सही म्हणजे ते तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं बाहेर आलेलं हळकुंड.

हे काम किती चिवटपणे टिकलं बघा. विल्यम कर्टिसनं १७८७ मध्ये लंडनला वनस्पतींचं एक मासिक काढलं. त्यातली चित्रं अंकामागून अंक हातानं रंगवली जात होती ती थेट १९४८ पर्यंत. मधे रंगीत छपाई आली, फोटो आले, दोन महायुद्धं झाली, आपलं स्वातंत्र्यही येऊन गेलं, आणि तिकडे कुणीतरी अजून गुलबक्षीला गुलाबी लावत बसलं होतं. फ्रान्समध्ये रदूते नावाच्या चित्रकाराच्या गुलाबांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथं तांब्याच्या पत्र्यावर रेघांऐवजी बारीक टिंबं कोरायचे, एकाच पत्र्याला चिंधीच्या बोळ्यानं जागोजागी वेगवेगळे रंग चोपडायचे आणि एकाच दाबात सगळे छापायचे. त्या बोळ्याला फ्रेंचमध्ये बाहुली म्हणतात. मग उरलंसुरलं, पाकळीची कड, दवाचा थेंब, कुंचल्यानं पुरं करायचं. महाग काम. रजिस्टर सुटायचा प्रश्नच नाही, हे मात्र मला मनापासून आवडलं.

आणि नाव नसणं ही काही फक्त रंग भरणाऱ्या बायकांची गत नाही. रॉक्सबर्ग या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या, कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींच्या ग्रंथात ३०० चित्रं आहेत, १७९५ ते १८२० या काळात छापलेली. मूळ चित्रं काढणारे इकडचेच चितारी. ग्रंथ रॉक्सबर्गचा. पुण्याजवळ दापोडीला कंपनी सरकारची बाग होती, तिथल्या अलेक्झांडर गिब्सननं १८४७ ते १८५० च्या दरम्यान एका, बहुधा गोवेकर, चित्रकाराकडून फुलांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबराच्या बागेच्या संग्रहात जपून ठेवलेली आहेत. त्यांना ‘दापोडीची चित्रं’ म्हणतात. गावाचं नाव राहिलं, माणसाचं नाही.

हळदीचं चित्र मी आजीला दाखवलं. माझे आजोबा हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. राजापुरी हळदीचं हळकुंड हातात घेऊन कट्‌दिशी मोडायचे, आतला रंग उजेडात बघायचे, वास घ्यायचे, आणि मग तोंडातून भाव निघायचा. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, कुणाचा किती माल आहे ते त्यांना तोंडपाठ असायचं. आजीचा जन्म हळदीच्या वासात गेलाय. तिनं चष्मा पुसला, चित्र हातभर लांब धरलं आणि म्हणाली, “फूल बरं काढलंय. गड्डा चुकला.”

“काय चुकलं?”

“हळद बाहेरून कुठं पिवळी असते गं? मातकट असते. मोडल्यावर पिवळी.”

मी भिंग घेऊन पुन्हा बघितलं. खरंच, गड्डा अख्खा होता, कुठे मोडलेला नव्हता, आणि त्यावर पिवळा सढळ हातानं दिलेला. त्या टेबलाशी बसलेल्या बाईनं हळदीचं शेत कधी बघितलेलं नसणार. हळद पिवळी असते एवढं मात्र तिला ठाऊक असेल, औषधाच्या दुकानातल्या बरणीवरून असेल नाहीतर मसाल्याच्या डब्यावरून. मग घातला पिवळा. बरं, आम्हीही काही वेगळे नाही. सांगलीत जन्म गेला तरी हळदीला फूल येतं हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं. बाजारात येतं ते शिजवून, वाळवून, घासून चकचकीत केलेलं हळकुंड. भाद्रपदात पानांच्या गर्दीत खाली दडून वर येणारा तो फिकट तुरा बघायला चिखलात उतरावं लागतं. मी कवठेपिरानच्या रस्त्याला एका मळ्यात बघितला. पाय भरले, चप्पल गेली.

याच आजीच्या खोलीत एक लक्ष्मी होती. रविवर्मा छापाची, आजीच्या सासूबाईंच्या माहेराहून आलेली. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथं प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकावर एक रंग छापत जायचं. म्हणजे हाताचं काम संपलं म्हणायचं. पण घरोघरच्या बायकांना ते मान्य नव्हतं. चित्र घरी आलं की त्या पुढं काम सुरू करायच्या. लक्ष्मीला खऱ्या कापडाची साडी, काठाला जर, नथीच्या जागी मोती, मुकुटावर टिकल्या, सगळं खळीनं चिकटवलेलं. आमच्या लक्ष्मीची साडी आजीच्या सासूबाईंनी त्यांच्या शालूच्या पदरातून कापून लावली होती. लहानपणी मला वाटायचं की लक्ष्मी अशीच असते, चेहरा सपाट आणि साडी उठावदार.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. आमचं घर गावभागात. २००५ चं पाणी जिथवर आलं होतं त्या खुणेच्या वर सामान ठेवलं आणि निर्धास्त झालो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. खुणा वगैरे सगळं पाण्याखाली. आम्ही विश्रामबागला काकूंकडे होतो. आठवड्यानं परत आलो तेव्हा जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत गाळ होता. तो वास मी लिहिणार नाही. ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको.

प्रेसचं काय झालं ते वेगळं रडगाणं आहे. इथं चित्रांपुरतं सांगते. हळदीचं चित्र वर माळ्यावर कपाटात होतं, कारण त्याची फ्रेम करायची मी दोन-तीन वर्षं टाळत होते. आळसाचे फायदे. काजऱ्याचं मात्र हौसेनं फ्रेम करून खालच्या खोलीत लावलं होतं. काचेच्या आत अर्ध्यावर गढूळ पाणी अजून तसंच होतं, मत्स्यालयासारखं. मागचा पुठ्ठा फुगून लगदा झालेला. मी खिळे काढले, कागद काचेवरून सोडवायला दुपार गेली. टिपकागदात घातला, वर पाटा ठेवला, दर दोन तासांनी टिपकागद बदलला.

वाळल्यावर जे हाती आलं ते असं: काळी रेघ जशीच्या तशी. पानाच्या पाच शिरा, फुलांचे झुपके, फळ कापून दाखवलेलं, त्यातल्या चकत्यांसारख्या बिया, सगळं शाबूत, कारण ती तेलाची शाई, पाण्यानं तिचं काय होणार. रंग मात्र गेला होता. फळाचा नारिंगी खाली ओघळून कागदाच्या तळाशी चहा सांडल्यासारखा साचला होता. पानांच्या हिरव्यातला पिवळा धुऊन जाऊन मागे राखी-निळसर काहीतरी उरलं होतं. १४० वर्षांपूर्वी दगडानं जे केलं ते राहिलं. टेबलाशी बसलेल्यांनी जे केलं ते कृष्णा घेऊन गेली.

आणि लक्ष्मीचं नेमकं तसंच झालं. खळ विरघळली, साडी सुटून फ्रेमच्या तळाशी चिंधी होऊन पडली, जर काळी पडली, टिकल्या गाळात. छापलेलं चित्र तेवढं राहिलं. पण साडी निघाल्यामुळे तिच्याखालची छापलेली साडी घरातल्या कुणीतरी जवळजवळ शंभर वर्षांनी बघितली. लालबुंद. चेहरा, हात, कमळ, हत्ती सगळं उजेडानं विटून फिकट झालेलं, आणि साडी अशी की काल शाई वाळलीय. मी बघतच राहिले. छापणारी बाई मी, मला तो लाल बघून हात लावावासा वाटला.

आजीनं एक नजर टाकली आणि म्हणाली, “अशी उघडी नको ठेवू तिला. माझ्या ट्रंकेत जर आहे का बघ.”

काजऱ्याचा फोटो मी एका जुन्या चित्रांच्या व्यापाऱ्याला पाठवला, काही करता येईल का म्हणून. त्याचं उत्तर पाच मिनिटांत आलं. रेघ उत्तम आहे, रंगवून घ्या, आमच्याकडे आर्टिस्ट आहे, नंतर फ्रेम करून ‘हॅन्ड कलर्ड’ म्हणून विकता येईल, खोटं काहीच नाही त्यात. खरंय, खोटं काहीच नाही. अशी कितीतरी चित्रं बाजारात आहेत, मुळात काळी-पांढरी छापलेली आणि गेल्या वीस-तीस वर्षांत कुणीतरी रंगवलेली. ओळखायचं कसं, तर रंग फार शहाणा असतो. रेघ कुठं ओलांडत नाही, कुठं घाई नाही, आणि हिरवा अजून हिरवा असतो. जुन्या पानांचा हिरवा बऱ्याचदा निळसर झालेला असतो, कारण निळ्यात मिसळलेला पिवळा उन्हानं आधी उडतो. कागदाच्या कडा पिवळट आणि पानं मात्र ताजी दिसली की संशय घ्यावा.

मी नाही रंगवून घेतलं. का, ते मला आजीला सांगता आलं नाही. तिचं म्हणणं सरळ होतं: रंग गेला, परत लाव. तिनं स्वतः तेच केलं. दिवाळीच्या आधी, ब्याऐंशीव्या वर्षी, थरथरत्या हातानं, तिनं लक्ष्मीला नवी साडी नेसवली. कापड माझ्या ब्लाउजपीसमधलं, जर तिच्या ट्रंकेतली. खळ तिनं स्वतः शिजवली, फेव्हिकॉल लावू दिला नाही. एक काठ वाकडा बसला. मी म्हटलं काढून परत लावू, तर म्हणाली, “असू दे, देव हलला असेल.” सासूनं लावलेली साडी गेली म्हणून तिला हळहळ नव्हती, आणि मी एका अनोळखी लंडनकर बाईचा धुऊन गेलेला नारिंगी धरून बसले होते. दोघींपैकी शहाणी कोण याचा निकाल आमच्या घरात लागलेला आहे, आणि तो माझ्या बाजूनं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिनं लक्ष्मीच्या नव्या काचेला हळदकुंकू लावलं, मग अचानक म्हणाली, “ती हळद आण गं तुझी.” कपाटातून चित्र काढून दिलं. फ्रेम नव्हतीच. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, पुन्हा हातभर लांब, पुन्हा गड्ड्याकडे बघून मान हलवली. परत दिलं तेव्हा खालच्या कोऱ्या पट्टीवर, डेव्हिड ब्लेअरच्या नावाजवळ, तिच्या अंगठ्याचा पिवळाधमक ठसा होता. रेषा मोजता येतील इतका स्वच्छ.

माझा चेहरा बघून तिला कळलं असावं.

“त्याला काय होतंय,” ती म्हणाली. “साबण तेवढा लावू नकोस, लाल होईल. घटकाभर उन्हात ठेव, उडून जाईल.”

चित्र कपाटात आहे. उन्हात ठेवलेलं नाही.